एक्कावन्नचं पाणी

खैरकोंडच्या झऱ्याला त्या सकाळी जे पाणी येत होतं ते सन २०५१ च्या पावसाचं होतं. हे कोणी अंदाजपंचे सांगत नव्हतं. कुंडीच्या काठावर बसवलेल्या तळहाताएवढ्या काचेत आकडा उमटलेला असे, आणि पाण्याला आलेली बाई कळशी टेकवण्याआधी सवयीने त्याच्यावर एक नजर टाकून घेई. गणपतीपर्यंत तिथे पन्नास होता. आता पौष लागला होता आणि एक्कावन्न स्थिर होता.

केतकी बाणे मात्र गेले आठ दिवस त्या काचेकडे पाठ करून पाणी भरत होती. ती स्वतः एक्कावन्नची. गावच्या रिवाजाप्रमाणे तिचं भेटपाणी एव्हाना होऊन जायला हवं होतं. पण उद्या सड्यावरच्या घरबांधणीची जनसुनावणी होती, हरकतदारांची म्होरकी ती होती, आणि सुनावणीचा निकाल आपल्या बाजूने लागल्याशिवाय ओंजळ पुढे करायची नाही असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. हट्टी स्वभाव बाणे घराण्यात पिढीजात आहे, त्याला इलाज नाही.

ज्यांच्या गावाला झरा नाही त्यांच्यासाठी हे भेटपाणी काय ते सांगायला हवं. दर वर्षीची हवा वेगळी असते. त्या वर्षी कोणते कारखाने चालले, कुठली रानं जळली, कोणता वायू वाढला, कोणता बंद झाला, या सगळ्याचा अंश हवेत उतरतो आणि पाऊस तो विरघळवून खाली आणतो. हे मिश्रण कोणत्याही दोन वर्षांचं सारखं नसतं. शास्त्रज्ञांनी त्याला वर्षखूण असं नाव दिलं, आणि पाण्यातली वर्षखूण वाचणारं यंत्र निघालं ते वयमापी. वीसेक वर्षांपूर्वी वयमापी स्वस्त झाली आणि झऱ्याझऱ्यावर बसली. तेव्हा कळलं की कुठल्या झऱ्याचं पाणी चार महिन्यांचं, कुठल्याचं चार वर्षांचं, आणि खैरकोंडचं तब्बल एकेचाळीस वर्षांचं आहे. सड्यावर पडलेला पाऊस झऱ्याच्या तोंडाशी पोचायला एवढा काळ घेतो, आणि एका पावसाळ्याचं पाणी मग वर्षभर पुरवून पुरवून येत राहतं.

आपल्याकडे रीत पडायला फार वेळ लागत नाही. माणूस एकेचाळीस वर्षांचा झाला की त्याच्या जन्मवर्षाचा पाऊस झऱ्याला येतो, हे कळल्यावर कोणीतरी एकदा आपल्या मुलाच्या ओंजळीत तो ओतला, आणि पाचेक वर्षांत ते जणू शिवकाळापासून चालत आल्यासारखं होऊन बसलं. आईने किंवा बापाने ओतायचं, मुलाने प्यायचं. मुंबई-पुण्याला गेलेलेही त्यासाठी रजा टाकून येत. त्याला म्हणायचं भेटपाणी.

केतकीने कळशी घरी टेकवली आणि ती तशीच सड्याची चढण चढू लागली. डॉ. झोया मुकादम यांनी सकाळी निरोप पाठवला होता, तळ्यापाशी या, एकट्या या. 

सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं मोकळं रान. मैल-दीड मैल सपाट कातळ, आणि खैरकोंडच्या सड्याच्या मधोमध एक मोठं तळं. शिमग्यापर्यंत पाणी टिकतं, दूरदूरचे पक्षी उतरतात. हा सडा वीस वर्षं संरक्षित होता, कारण त्याच्या पोटातून जिवंत झरा निघत होता. कायदा सरळ होता. झऱ्याचं पाणी वाहतं आहे आणि त्याचं वय दहा वर्षांहून जास्त आहे, हे सिद्ध झालं की त्याच्या माथ्यावर बांधकाम नाही. आता एका कंपनीला तिथे बाराशे घरांची वसाहत उभारायची होती. कंपनी काही राक्षसांची नव्हती. समुद्र वर चढला तशी खाडीकाठची गावं बुडाली होती, ती माणसं पत्र्याच्या छावण्यांत राहत होती, आणि त्यांना कुठेतरी घर हवंच होतं. केतकीला ते कळत होतं. म्हणून तर तिची झोप उडाली होती.

डॉ. मुकादम तळ्याच्या काठी पेटीवर बसल्या होत्या. सुनावणी घेणाऱ्या प्राधिकरणाने नेमलेल्या भूजलतज्ज्ञ, पण मूळच्या रत्नागिरीच्याच. सडा म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागलं नव्हतं, आणि तेवढ्यावरच केतकीचा त्यांच्यावर विश्वास बसला होता.

“केतकीताई, झऱ्यापासून इथपर्यंत मी सात भोकं मारली आहेत. झऱ्याच्या तोंडाशी पाण्याचं वय सगळेच बघतात. मागे काय आहे हे आजवर कोणी बघितलं नव्हतं.”

“मग? काय आहे मागे?”

 हातातल्या काडीने डॉक्टरांनी मातीत एक आडवी रेघ ओढली. “वर हा कातळ. यातून पाणी फारसं उतरत नाही. खाली शेडी, तुमची ती गुलाबीसर चिकणमाती, साठ-सत्तर मीटर जाड. पाणी तिच्यातून मुंगीच्या पावलाने उतरतं. दवाखान्यातल्या रांगेसारखं. सगळ्यात पुढे एक्कावन्नचं, त्याच्या मागे बावन्नचं, मग त्रेपन्नचं, असं करत सगळ्यात मागे परवाच्या पावसाचं. असायला हवं.”

“असायला हवं म्हणजे?”

“पहिल्या भोकात एक्कावन्न मिळालं. उरलेल्या सहांत काहीच नाही. शेडी कोरडी आहे.”

केतकीला आधी राग आला तो यंत्राचा. “तुमचं वयमापी बिघडलं असेल.”

“तीनदा केलं. दुसरं यंत्र मागवून केलं.” डॉक्टरांचा आवाज मऊ होता आणि त्यामुळे केतकीला जास्तच भीती वाटली. “दवाखान्याचं बाहेरचं दार कोणी लावून घेतलं तर आत डॉक्टरला काय पत्ता लागणार? पेशंट येतच राहतात, रांग संपेपर्यंत. तुमचं दार एकेचाळीस वर्षांपूर्वी बंद झालं. एक्कावन्नचा पाऊस आत गेला आणि बावन्नचा गेला नाही. रांगेतला शेवटचा पेशंट आता डॉक्टरसमोर आहे.”

“किती दिवस?”

“वैशाख. फार तर मिरगाच्या आतबाहेर.”

तळ्यावर बदकं शांतपणे फिरत होती. काठावर जांभ्याचा एक घडीव दगड होता आणि त्याच्यावरची अक्षरं केतकीला पाठ होती. लहानपणी ती तिथेच अक्षरं गिरवायला शिकली होती. ‘श्रमदानातून जलबंध. मे २०५२. ग्रामस्थ, खैरकोंड.’

“बावन्न साली इथे काय झालं होतं, माहीत आहे का?” डॉक्टरांनी विचारलं.

माहीत होतं. गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पूर्वी हे तळं दिवाळीपर्यंतही टिकत नसे. मधोमध कातळाला एक भेग होती आणि पाणी तिच्यातून घोट घेतल्यासारखा आवाज करत खाली जाई. साऱ्या सड्याचं पाणी उताराने तळ्यात यायचं आणि तळ्यातून भेगेत गडप व्हायचं. गावाला ते बघवत नव्हतं. एवढं पाणी फुकट चाललंय, गळतीच आहे ही, बुजवा ती एकदाची. मग साठ माणसं एकोणीस दिवस राबली आणि भेग बुजवली. तळं टिकू लागलं. गुरांना पाणी झालं, पक्षी आले, गावाला बक्षीस मिळालं. खालचा झराही पूर्वीसारखाच वाहत राहिला, तेव्हा भेग बुजवून काही बिघडलं नाही याचा पुरावा म्हणून लोक तोच दाखवत.

भरावाचं मिश्रण करणारा गवंडी तेहतीस वर्षांचा होता. घरी नऊ महिन्यांची एक मुलगी होती. ती मुलगी आता डॉक्टरांसमोर उभी होती.

“उद्या तुम्ही हे सांगणार?” केतकीने विचारलं.

“उद्या मला झऱ्याच्या तोंडाचं वय विचारतील. कायद्यात तेवढंच आहे. भोकांचा अहवाल माझ्या अभ्यासाचा, तो सहा महिन्यांनी जाईल. कोणी विचारलं तर लपवणार नाही. आपण होऊन उठून सांगेन की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.”

“आणि भेग पुन्हा उघडली तर?”

“तर पाणी पुन्हा रांगेत लागेल. आज लागलं तर एकेचाळीस वर्षांनी पोचेल.” डॉक्टर उठल्या, कपडे झाडले. “पण उघडणार कशी? तळं संरक्षित आहे, केतकीताई. त्याच्या तळाला हात लावणं गुन्हा आहे.”

केतकी घरी आली तेव्हा नाना पडवीत छिन्नीला धार लावत बसले होते. तिचे वडील, आरुषनाना बाणे. त्यांच्या पिढीत घरटी एक आरुष होता, आता ते नाव ऐकलं की पोरं म्हाताऱ्याचंच नाव म्हणून हसतात. चौऱ्याहत्तर वर्षांचा हा माणूस अजून कोणाच्या पायरीचा दगड निसटला तर हातोडी घेऊन जाई. गावात त्यांना कोणी नावं ठेवल्याचं केतकीने कधी ऐकलं नव्हतं.

त्यांना सांगायचं नाही असं ती सबंध उतरण उतरताना घोकत आली होती. पण नानांनी मान वर करून “काय गो, आकडा काय म्हनतो?” एवढंच विचारलं आणि ती पायरीवर बसली. मग तिने सगळं सांगून टाकलं. असलं ओझं एकट्याने वाहायची तिला सवय नव्हती, कारण ते नेहमी नानाच वाहत आले होते.

नानांनी गवंड्यासारखे प्रश्न विचारले. भोकं किती खोल, शेडी हाताला कशी लागते, भुसभुशीत की घट्ट. मग छिन्नी खाली ठेवली.

“माजा माल व्हता तो,” ते म्हणाले. “शेडी, चुना, शिमिट. थेंब खाली जानार नाय असा कालवला व्हता. नाय गेला.”

“नाना, तुम्हाला काय ठाऊक होतं? कोणालाच नव्हतं.”

“नव्हतं. आता हाय.”

“उद्या गप्प बसायचं,” केतकी घाईघाईने म्हणाली. “हरकत मान्य होणार आहे. डॉक्टर एकेचाळीस सांगतील, अधिकारी लिहून घेतील, कंपनी परत जाईल. एकदा सडा वाचला की मग बघू.”

“मग काय बगशील?”

“भेग उघडू. हळूच.”

“तळं सरकारी झालंय, बाय. रोज वरनं फोटो निघतो. वीतभर पानी उतरलं तर चौकशीला मानूस येतो. हळूच कसं उघडशील?”

“सडा तरी वाचेल ना, नाना. त्याच्यावर बाराशे घरं तरी होणार नाहीत.”

“सडा वाचंल,” नाना म्हणाले. “माजं बूचबी वाचंल.”

 केतकी उठली, घरात गेली, बाहेर आली, घासलेलं भांडं पुन्हा घासलं. संध्याकाळपर्यंत ती अशीच येरझाऱ्या घालत होती. नानांनी जेवताना दुसरा विषय काढला नाही आणि हाही काढला नाही.

सुनावणी शाळेच्या सभागृहात होती. गावातून दोनशे तीस हरकती गेल्या होत्या आणि दोनशे तीसही माणसं आली होती. कंपनीच्या बाजूने खाडीकाठचे काही लोकही आले होते. त्यातली एक बाई तिच्या बुडालेल्या घराच्या उंबऱ्याविषयी इतकं साधं बोलली की केतकीला मान खाली घालावी लागली. पण तिचा नंबर आला तेव्हा ती उभी राहिली आणि चांगलं बोलली. झऱ्याविषयी, सड्यावरच्या फुलांविषयी, भेटपाण्याविषयी. घरं हवीत, पण ती ज्याच्यातून पाणी येतं त्याच्या डोक्यावर नकोत, असं ती म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रत्येक टाळी तिला टोचत होती.

मग अधिकाऱ्यांनी डॉ. मुकादमांना विचारलं, “झऱ्याच्या पाण्याचं वय?”

“एकेचाळीस वर्षं.”

“झरा वाहतो आहे?”

“आज वाहतो आहे.”

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं आणि आणखी कोणाला काही मांडायचं आहे का असं रीतीप्रमाणे विचारलं. केतकीचे डोळे नानांवर होते. तिने मानेने नको म्हटलं. नानांनी ते पाहिलं, आणि ते उठले.

“आरुष बाणे, गवंडी,” ते म्हणाले. “सायेब, बाईंनी खरं सांगितलं. पन आज वाहतो, उद्या नाय. वैशाखात बंद व्हनार. एक्कावन्नच्या मागं पानीच नाय, आमी वरची भेग बुजवली म्हनून. माल माज्या हातचा हाय. गळती समजून बुजवली. ती गळती नव्हती, तो झऱ्याचा घसा व्हता.”

 अधिकाऱ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं आणि डॉक्टरांनी, जरा थांबून, होय म्हटलं.

“माजं मागनं एकच हाय,” नाना पुढे म्हणाले. “आमाला भेग उगडू द्या, आनी एकेचाळीस वर्सं सडा तसाच ऱ्हाऊ द्या. पानी पुन्यांदा येनार. बाई सांगतील.”

अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “नाना, कायद्यात वाहता झरा आहे आणि आटलेला झरा आहे. एकेचाळीस वर्षांनी वाहणारा झरा मी कुठल्या रकान्यात लिहू?”

आणि मग मागून एका बाईने विचारलं, तेही केतकीला नव्हे, नानांनाही नव्हे, सरळ कंपनीच्या माणसाला, “वैशाखात आमी पानी कुठनं आनायचं?”

कंपनीच्या माणसाने सांगितलं की वसाहतीसाठी धरणावरून नळ येणार आहे, तो खैरकोंडलाही देता येईल. त्याने हे मिरवून सांगितलं नाही, हळू आवाजात सांगितलं. महिनाभरात दोनशे तीसपैकी दोनशे चौदा हरकती मागे घेतल्या गेल्या. केतकी कोणाला दोष देऊ शकली नाही. पूर्वी माणसाला आपल्या तहानेची तारीख माहीत नसे. झरा आज आहे म्हणजे उद्या आहे, एवढ्या भरवशावर माणसं डोंगर राखत. आता तारीख कळली होती, आणि कळलेल्या तारखेपुढे डोंगर उभा राहू शकला नाही.

फाल्गुनात संरक्षण उठलं. त्या दिवसापासून केतकी नानांशी बोलायची थांबली. वाढायची, औषध द्यायची, पण बोलायची नाही. वीस वर्षं तिने त्या सड्यासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते आणि बापाने दोन मिनिटांत त्याच्यावर पाणी सोडलं, हे तिला गिळवत नव्हतं. मनातून तिला हेही कळत होतं की नाना गप्प बसले असते तर ती आयुष्यभर त्यांच्याकडे सरळ बघू शकली नसती. कळल्याने राग कमी झाला असं मात्र नाही.

चैत्रात एका सकाळी नाना तांब्या घेऊन तिच्यासमोर उभे राहिले. “चल. धार करंगळीएवढी ऱ्हायलीय.”

ती गेली. काचेत एक्कावन्न होता. नानांनी तांब्या भरला आणि म्हणाले, “हात पुढं कर.” तिने ओंजळ केली. पाणी कोमट होतं, जरा लोहासारखं लागत होतं, रोज लागायचं तसंच. ती जन्मली त्या श्रावणात हे ढगात होतं. त्यानंतर ती चालायला शिकली, शाळेत गेली, आईला पोचवून आली, आणि तेवढा सगळा वेळ हे अंधारात तिच्याकडे येत होतं. ती रडली. नानांनी तिच्या डोक्यावर ओला हात ठेवला आणि तो तिने झिडकारला नाही.

“तुमच्यावर राग आहे माझा,” ती म्हणाली.

“असू दे की,” नाना म्हणाले. “पहार घेऊन येतीस काय वर?”

संरक्षण उठलं तेव्हा तळ्याला हात लावण्याची बंदीही उठली होती, आणि सड्याचा ताबा कंपनीकडे दसऱ्याला जायचा होता. मधे एक पावसाळा होता. तळं आटलं होतं. बापलेकींनी अकरा दिवस बूच फोडलं. गावातलं कोणी आलं नाही. लोकांना लाज वाटत होती आणि नानांचा रागही आला होता, दोन्ही एकदम. सुट्टी टाकून आल्या त्या डॉ. मुकादम, डोक्याला रुमाल बांधून, आणि पाट्या उपसू लागल्या. एकेचाळीस वर्षांपूर्वी कालवलेला माल दगडाहून कठीण झाला होता. नाना प्रत्येक ढलपी हातात घेऊन बघत आणि बाजूला टाकत. अकराव्या दिवशी पहार आरपार गेली आणि खालून गार हवा तोंडावर आली.

वैशाखात झरा थांबला. काचेतला आकडा एका दुपारी पुसट झाला आणि गेला.

पावसाळाभर नाना छत्री घेऊन भेगेपाशी जाऊन बसत. साऱ्या सड्याचं पाणी तिथे येऊन घटाघट खाली जाई आणि ते ऐकत राहत. त्या वर्षी गावात एकच मूल जन्मलं, सुतारांकडे, मुलगी. बारशाला नाना गेले, पाळण्याला हात लावला आणि परत येताना केतकीला म्हणाले की एकेचाळिसाव्या वर्षी या पोरीला भेटपाणी मिळणार.

मिळणार होतं. डॉ. मुकादमांनी नीट समजावून सांगितलं होतं. दसऱ्यानंतर कंपनीने ताबा घेतला, भेग पुन्हा भरली, तळ्याचा तळ काँक्रीटने गुळगुळीत केला आणि त्याच्याभोवती बाराशे घरं उभी राहिली. पण एका पावसाळ्याचं पाणी आत उतरलं होतं. ते आता कोणालाही थांबवता येणार नव्हतं. मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही, असं ते एकटंच शेडीतून उतरत राहील, सन २१३४ मध्ये झऱ्याच्या तोंडाशी पोचेल, वर्षभर वाहील आणि संपेल.

नानांनी कुंडीच्या वरच्या दगडावर २१३४ कोरलं. मग दोन दिवस ते अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी केतकीला म्हणाले, “आकडा बगून कुनाला काय कळनार? एकेचाळीस वर्सं कोरडी कुंडी, आनी एक दिवस ओल आली. काय करतील?”

“काय करतील?”

“आमी केलं तेच. आमीबी भलीच मानसं व्हतो गो.”

म्हणून त्यांनी आकड्याखाली अक्षरं कोरायला घेतली. ती पुरी झाली आणि पुढच्या उन्हाळ्यात नाना गेले.

याला आता सहा वर्षं झाली. खैरकोंडला नळाचं पाणी येतं, मुबलक येतं. वसाहतीतली माणसंही चांगली आहेत. खाडीकाठच्या त्या बाईने दारात तुळस लावली आहे आणि केतकी गेली की ती तिला चहा घेतल्याशिवाय सोडत नाही. झऱ्याच्या वरच्या अंगाला वसाहतीची संरक्षक भिंत आली, कुंडी तिच्या पायथ्याशी कोरडी पडून असते. केतकी दर महिन्याला जाऊन अक्षरांत साचलेली माती खरवडते.

परवा ती गेली तेव्हा वसाहतीच्या देखभालीचा सुपरवायझर तिथे भिंत तपासत होता. मोठा अदबशीर माणूस. त्याने दगडावरचं वाचलं आणि विचारलं, “काकू, इथे तर सगळं कोरडं आहे. हे कशाबद्दल?”

केतकीने त्याला सगळं सांगितलं. वर्षखूण, शेडी, रांग, एकच पावसाळा, चौतीस साल, सुतारांची मुलगी. तो मधे न बोलता ऐकत होता, मान डोलावत होता, आणि शेवटी त्याने तिला धीर दिला.

“तुम्ही अजिबात काळजी करू नका,” तो म्हणाला. “या भिंतीची पन्नास वर्षांची हमी आहे आमची. इथे ओल दिसली रे दिसली की त्याच दिवशी माणूस येऊन सिमेंट भरून जाणार. तुम्हाला थेंबभर त्रास होणार नाही.”

तो गेल्यावर केतकी दगडासमोर बसली. मग तिने पिशवीतून नानांची छिन्नी काढली, हातोडी काढली, आणि ‘ही गळती नाही, बुजवू नका’ ही पाच ओळींत बसवलेली वाक्यं पहिल्यापासून पुन्हा, आणखी खोल, कोरायला सुरुवात केली.